राग कोणावर काढायचा?

भगवंतांनी क्रोध सोडायला सांगितला, मग अपमान गिळून गप्प बसायचे काय, असे आपले तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी महाडला काय केले ते पाहू.

20 मार्च 1927 रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. जेवत असलेल्या प्रतिनिधींवर जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला; अन्न मातीत गेले. आपल्यात पलटणीतले निवृत्त शिपाई होते. एक शब्द मिळता तर रक्त सांडले असते. बाबासाहेबांनी तो दिला नाही. त्यांना राग आला नव्हता काय? आला होता! 25 डिसेंबरला त्यांनी मनुस्मृतीचे दहन केले. तळ्यावरून सवर्णांनी लावलेला दावा ते लढत राहिले. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे राग विझू दिला नाही, भडकूही दिला नाही.

आता आपल्या घरात या. जात कळताच खोली नाकारणारा घरमालक कोल्हापुरात अजून भेटतो. त्याच्यासमोर आपण गप्प. संध्याकाळी कालवणात मीठ कमी पडले की तोच राग बायकोवर, पोरावर निघतो. सकाळी ते पोर माझ्या वर्गात शेजारच्याला मारते. सोडायचा क्रोध तो हा. घरमालकाविरुद्धचा अर्ज मात्र त्याच रात्री लिहा. लिहिता येत नसेल तर पोराला जवळ बसवा, तो लिहील.