धक्का कोणी सोसावा?



मुलांच्या खेळण्यावर लेख लिहायला बसलो आहे हे पाहून काहीजण हसतील. पण जन्मभर शाळेत गणित शिकवल्यावर, निवृत्तीत नातवाच्या खेळण्याने मला असा एक प्रश्न घातला, की ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडत नाही. तो आपणापुढे मांडतो.

माझ्या नातवाकडे रिमोटवर धावणारा एक ट्रक आहे, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा. त्याची मोटार ब्रशलेस, म्हणजे कार्बनचे ब्रश नसलेली. त्यामुळे झीज कमी आणि ताकद भरपूर. मोटारीवर ३३०० केव्ही असा आकडा आहे. त्याचा अर्थ, ओझे नसताना ती दर व्होल्टला मिनिटाला ३,३०० फेरे घेते. दोन सेलांची बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे सुमारे २४,४०० फेरे. नातवाने वाढदिवसाच्या पैशांतून तीन सेलांची, ११.१ व्होल्टची बॅटरी आणली. फेरे झाले सुमारे ३६,६००. इथवरचा गुणाकार सोपा होता.

आमच्या दिमोनाच्या बाहेर दगडधोंड्यांची मोकळी जमीन आहे. पहिल्याच दिवशी तेथे चाकांकडे जाणारा प्लास्टिकचा दांडा पिळवटून तुटला. त्याने पोलादी दांडे बसवले. आठ दिवसांनी डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांचे दाते गेले. तीही पोलादी आणली. मग मोटारीच्या पिनियनला लागून असलेले मोठे प्लास्टिकचे चाक, ज्याला स्पर गिअर म्हणतात, ते भुईसपाट झाले. दाता म्हणून उरला नाही. नातू म्हणाला, "साबा, आता एवढे एकच चाक स्टीलचे केले की झाले. मग काही मोडणारच नाही. तुम्ही पैसे द्याल ना?"

पैसे काढण्यापूर्वी मी शेजारच्या एका जुन्या मेकॅनिकला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, ते चाक मोडावे म्हणूनच प्लास्टिकचे असते. स्वस्त आहे, दहा मिनिटांत बदलता येते. ते पोलादी कराल तर धक्का पुढे जाईल आणि मोटारीचा दांडा वाकेल, नाहीतर गिअरची पेटी फुटेल."

त्याचे म्हणणे खरे आहे. ट्रक उडी मारून खाली येतो तेव्हा जमीन चाकांना एकदम अडवते आणि मोटारीला तर फिरायचेच असते. तो झटका साऱ्या साखळीतून धावतो. एक कडी बळकट केली म्हणून झटका नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कडीकडे जातो. म्हणजे "काय बळकट करावे?" हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न, धक्का कोणी सोसावा?

हे वाक्य मनात आले आणि मला माझी थोरली बहीण आठवली.

१९७४ साली आम्ही मुंबईहून येथे आलो. माझगावच्या शाळेत माझी अकरावी नुकतीच झाली होती. ताई एकोणीस वर्षांची, तिला नर्स व्हायचे होते. वडील मुंबईत कारकून. येथे भाषा येईना, मनाजोगे काम मिळेना. आईची तब्येत खालावली. घरावर असा झटका आला तेव्हा ताई एका कापडगिरणीत रात्रपाळीला लागली. मी कॉलेजात गेलो, शिक्षक झालो, पेन्शन घेतो आहे. घर मोडले नाही, कारण घरातली एक व्यक्ती मोडत होती.

कोणी म्हणेल, तिने ते आपखुशीने केले, त्यात अन्याय कसला? हा आक्षेप मी पुष्कळ वर्षे स्वतःच्या समाधानासाठी वापरला आहे. पण प्लास्टिकच्या चाकात आणि माणसात फरक आहे. चाक मोडण्यासाठीच घडवलेले असते आणि दुसरे विकत मिळते. माणूस त्यासाठी जन्माला येत नाही, आणि त्याची गेलेली वर्षे कोणत्या दुकानात मिळणार? आपखुशीने केलेल्या त्यागामुळे ऋण फिटत नाही, उलट वाढते. आणि ज्या घरात दरवेळी एकाच माणसाला "आपखुशी" होते, त्या घराने स्वतःला जाब विचारावा.

मग सगळ्यांनीच पोलादी व्हावे काय? "मोडेन पण वाकणार नाही" असे आपण अभिमानाने म्हणतो. पण त्याच ट्रकमध्ये आणखी एक भाग आहे, स्लिपर क्लच. मोठा झटका आला की तो क्षणभर घसरतो आणि पुन्हा पकड घेतो. मोडत नाही, दुसऱ्यालाही मोडू देत नाही. मात्र त्याची चावी नीट बसवावी लागते. घट्ट आवळली तर तो घसरत नाही. फार सैल ठेवली तर घसरून घसरून तापतो आणि त्या तापाने शेजारचे प्लास्टिकचे चाक वितळते. वाकणाऱ्यालाही मर्यादा असते, आणि ती मर्यादा इतरांनी तपासायची असते. आमच्या घरात ताईची चावी कोणी तपासली नाही. मीही नाही.

नातवाला मी पोलादी चाकाचे पैसे दिले नाहीत. प्लास्टिकची दोन चाके घेऊन दिली, आम्ही दोघांनी मिळून क्लच लावला, आणि दगडांवर दोन सेलांचीच बॅटरी वापरायची असे ठरले. तो थोडा रुसला. वेग कमी झाला हे खरेच. पण तोही धक्क्यातला आपला वाटा आहे, असे मी त्याला सांगितले.

नंतर ताईकडे गेलो. पेला धरताना तिची बोटे आता थरथरतात. मी विचारले, "ताई, तुला शिकायचे होते ना?" ती म्हणाली, "अरे, कोणीतरी कामावर जायलाच हवे होते." मी म्हणालो, "ते कोणीतरी मीही असू शकलो असतो. हे मी तुला पन्नास वर्षांत एकदाही बोललो नाही." ती काही बोलली नाही. माझ्यापुढे चहा सरकवला.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, येथे येऊन स्थिरावण्याच्या त्या वर्षांत, असे एक "कोणीतरी" होते. ते हयात असेल तर येत्या शाबाथला त्यांच्याकडे जाऊन या. गेलेली वर्षे परत देता येणार नाहीत. पण ती कोणाची गेली, हे त्यांच्यासमोर बसून कबूल करता येईल.