आप्तवाक्य आणि चिठ्ठी

आप्त हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला खरा, पण घेताना त्याला अगदी घरचा करून टाकला. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा आणि जाणली तशीच सांगणारा विश्वसनीय पुरुष. म्हणून त्याचे वाक्य प्रमाण. आपल्याकडे आप्त म्हणजे नातलग. एरवी या अर्थांतराने कोणाचे काही बिघडत नाही. घरात आजारपण शिरले म्हणजे मात्र दोन्ही अर्थ नकळत एकमेकांत मिसळतात, आणि जो आपला आहे त्याचे म्हणणे खरेही असले पाहिजे असे आपण धरून चालतो. औषधाविषयी कोणाचे म्हणणे किती मानावे, हा प्रश्न वैद्यकाचा म्हणून आपण डॉक्टरांवर सोपवतो. वस्तुतः तो नीतीचाही प्रश्न आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण सांगतो.

आमचे मामा मधुमेहाचे जुने रोगी. त्यांच्या साडूंनाही तोच विकार. साडूंनी एक काढा घेण्यास आरंभ केला आणि त्यांची साखर उतरली. गृहस्थ सालस, खोटे बोलून त्यांना एक पैही मिळायची नव्हती. उलट पदरमोड करून ते मामांसाठी बाटल्या घेऊन आले. त्याच वर्षी ते सेवानिवृत्त झाले होते, सकाळ-संध्याकाळ फिरावयास जाऊ लागले होते, जेवणानंतरचे गोड सुटले होते. पण हे कोणी हिशेबात धरले नाही, सारे यश काढ्याच्या खात्यावर जमा झाले. मामांनी गोळ्या बंद केल्या. आम्ही त्या बैठकीत होतो. शंका घेण्याइतके वाचन आमचे होते. पण वडीलधाऱ्यांच्या अनुभवास आडवे जाणे प्रशस्त वाटेना, म्हणून चहा घेऊन उठलो. आठ महिन्यांनी मामांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

येथवर वाचून वाचक काढ्यास दोष देऊ लागला असेल, तर त्याने क्षणभर थांबावे. आम्हीही तेच केले होते, आणि तीही चूकच होती. साडूंच्या एका उदाहरणाने काढा गुणकारी ठरत नसेल, तर मामांच्या एका उदाहरणाने तो घातक कसा ठरेल? गोळ्या नियमाने घेऊनही बोटे गमावणारे रोगी असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, ही म्हण आपण दुसऱ्याच्या कावळ्याविषयी वापरतो, स्वतःच्या नाही. प्रौढपणी जडलेल्या मधुमेहात साखर आटोक्यात ठेवली तर डोळे व मूत्रपिंडे यांची हानी कमी होते, हे आज ठाऊक आहे ते ब्रिटनमध्ये पाच हजारांवर रोग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. मामांच्या पायामुळे नव्हे.

मग एका माणसाच्या अनुभवात उणे ते काय? आपल्या तार्किकांनी त्यास नाव देऊन ठेवले आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, हा व्यतिरेक. काढा घेतला आणि साखर उतरली, एवढा अन्वय साडूंपाशी होता. व्यतिरेक त्यांच्यापाशी असणे शक्यच नव्हते, कारण तेच वर्ष काढ्यावाचून पुन्हा जगून पाहण्याची सोय माणसाला नाही. तो व्यतिरेक दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात शोधावा लागतो, आणि नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो.

बडोद्यापासून सहा मैलांवर उंढेरा नावाचे गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग आला असता वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस टोचताना प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचले व निम्म्यांना टोचले नाही. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर. भेद काय तो लसीचा. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, त्यांतले २६ गेले. पुरावा म्हणून याहून स्वच्छ काय हवे? पण त्या सव्वीस जणांकडे पाहिले की मन चरकते. हाफकिन यांचा लसीवर विश्वास होता. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मग निम्म्यांना वगळण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

आम्हांस याचे निःशंक उत्तर सापडलेले नाही. मात्र विश्वास वाटणे आणि ठाऊक असणे यांत जे अंतर आहे, त्याकडे दुर्लक्ष केल्यानेही माणसे मरतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयात मधूनमधून जादा ठोके पडतात व अशा रोग्यांना आकस्मिक मृत्यूचे भय अधिक, म्हणून ते ठोके थांबविणारी औषधे अमेरिकेत दिली जात. आलेखावर ठोके थांबलेले दिसत. डॉक्टर संतुष्ट, रोगीही संतुष्ट. अखेर चिठ्ठी टाकून काहींना औषध व काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी देऊन पाहिले. त्यांपैकी दोन औषधांचा प्रयोग १९८९ साली मध्येच थांबवावा लागला: औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ मरण पावले होते, निर्गुण गोळीवाल्या ७४३ पैकी २६. एकट्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात हे कधीच दिसले नसते. हृदयविकाराचा रोगी मरतोच, असे त्यास वाटले असते. गुण आला म्हणून सांगावयास येतो तो जगलेला; गेलेला साक्ष देण्यास येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. क्षयरोग्यास आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार आणि शुश्रूषा हवीच, अशी जगाची दृढ समजूत होती. आपल्याकडे खाटा थोड्या आणि रोगी लाखांनी. १९५६ साली मद्रासमध्ये १९३ गरीब रोग्यांच्या बाबतीत चिठ्ठीनेच ठरविले की कोणी आरोग्यधामात राहावे आणि कोणी आपल्या दाटीच्या घरात. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के आणि आरोग्यधामातील ९२ टक्के रोगमुक्त झालेले आढळले, म्हणजे फरक अल्प. पुढे घरच्या माणसांनाही अधिक लागण झाल्याचे दिसले नाही. ज्यांच्या वाट्यास घराची चिठ्ठी आली, त्यांची त्या दिवशी कोणासही कीवच आली असती.

आपल्याकडे देवळात कौल लावतात. गुरवाने चिकटवलेली कळी डावी पडली की उजवी, यावरून देवाची इच्छा समजते. वरवर पाहता ही चिठ्ठी त्याचीच बहीण वाटेल. पण कौल उत्तर मागतो, आणि चिठ्ठी उत्तरास कोणाची इच्छा चिकटू नये एवढेच पाहते. डॉक्टरची नको, रोग्याची नको, औषध विकणाऱ्याची तर नकोच. ज्यास खरोखर ठाऊक आहे त्याने चिठ्ठी टाकणे हे क्रौर्य होय; ज्यास ठाऊक नाही त्याने ठाऊक असल्याचा आव आणणे हे, आमच्या मते, त्याहून फारसे कमी नाही. अर्थात चिठ्ठीत ज्याचे नाव, त्यास सारे सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस टोचून अभ्यास केला गेला. तेथे चिठ्ठी नव्हती, पण कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. तसे झाले की पुराव्याची प्रत कितीही उच्च असो, तो मिळविण्याचा हक्क उरत नाही.

पुराव्यांची हल्ली उतरंड रचतात: तळाशी एकट्याचा अनुभव, वर गटांची निरीक्षणे, त्यावर चिठ्ठीचे प्रयोग, आणि अनेक प्रयोगांचा एकत्र विचार सर्वांच्या वर. उतरंड उपयोगाची आहे, परंतु तिला जातिव्यवस्था समजू नये. सिगारेट ओढा म्हणून कोणास चिठ्ठी देता येईल? तेथे डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी व मृत्यू यांची केवळ नोंद ठेवली. त्यावरून जे सिद्ध झाले त्याबद्दल आज कोणी शंका घेत नाही.

मामा आता गोळ्या घेतात आणि काठी टेकून बाल्कनीपर्यंत येतात. साडू पूर्वीसारखेच दिवाळीला येतात. त्यांच्याशी या विषयावर आम्ही अद्याप बोललेलो नाही. मागे एकदा धीर करून मामांपाशी विषय काढला, तेव्हा सर्व शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “तुझे बरोबर असेल बाबा. पण काढ्याने भूक छान लागायची हो.” आणि मामींनी आतून सांगितले की ते खरे आहे.