सर्व भार टाकून

शास्त्रभाग : इब्री लोकांस पत्र १२:१-३



पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याची पंचवीस वर्षे घालविलेल्या मनुष्याने धावण्याविषयी लिहावे, याचे तुम्हांस नवल वाटेल. शाळेत कवायतीच्या तासाला काही ना काही निमित्त काढून वर्गात बसून राहणारा मी! तरी गेले वर्षभर बंगळूरच्या जे. पी. नगरात, सारक्की तलावाच्या काठी, मी पहाटे धावत आहे. सुरुवात हौसेने झाली नाही, नाइलाजाने झाली, हे आधीच कबूल करतो.

माझे थोरले बंधू सोलापूरला राहत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. दर रविवारी उपासनेनंतर त्यांचा फोन येई आणि ते विचारीत, "कधी येतोस?" माझे उत्तर ठरलेले असे : "अण्णा, हातातले पुस्तक संपू द्या, मग निवांत येतो." रात्री उद्यान एक्सप्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी सोलापूर. परंतु तीन वर्षांत मला ती एक रात्र सापडली नाही. गेल्या वर्षी अण्णा हृदयविकाराने प्रभूकडे गेले. मी पोहोचलो तो त्यांच्या दफनविधीला. पुस्तक तेव्हाही संपलेले नव्हते.

परत आल्यावर पत्नीने आग्रहाने माझी तपासणी करविली. रक्तातील साखर फार वाढली होती. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि रोज चालण्यास, पुढे झेपेल तसे धावण्यास सांगितले. पहिल्या दिवशी शंभर पावलांत दम लागला. पुढे कित्येक दिवस, आज पाऊस आहे, आज पाय दुखतो, असे म्हणत मी अर्ध्यातून घरी परतलो.

अशाच एका सकाळी धापा टाकीत बाकावर बसलो असता इब्रीकरांस पत्रातील ती ओळखीची वचने आठवली. तेथे लेखक दोन गोष्टी टाकण्यास सांगतो : एक पाप, आणि दुसरा भार. भार यासाठी मूळ ग्रीक शब्द 'ओंकॉस' असा आहे. संपूर्ण नव्या करारात तो एकदाच येतो. शरीराचा फुगवटा, फाजील स्थूलपणा, असाही त्याचा अर्थ होतो. कर्करोगशास्त्राचे इंग्रजी नाव याच शब्दापासून झाले आहे. 'भार' म्हणावे, 'ओझे' म्हणावे की 'अडथळा', यावर मी कितीतरी तास घालविले होते. पण लेखकाने भार आणि पाप वेगळे का सांगितले, हे मला त्या बाकावर उमगले. जे पाप नाही तेही भार होऊ शकते. पाप आपण ओळखतो आणि पश्चात्ताप करतो. भार मात्र पुष्कळदा चांगल्या कामाच्या रूपाने येतो, म्हणून आपण तो अभिमानाने वाहतो. माझा भार देवाच्या वचनाचे काम हाच होता!

ज्या तलावाकाठी मी धावतो त्याच्या जमिनीवरही अतिक्रमण झाले होते. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१५ साली ते हटविण्यात आले. तलाव एका दिवसात बुजत नाही. आज मातीची एक गाडी, उद्या एक भिंत, असे पाणी मागे सरत जाते. माझ्या जीवनातही असेच झाले. आधी प्रार्थनेची वेळ गेली, मग पत्नीबरोबरचे जेवण, मग अण्णांचा रविवार.

कोणी म्हणेल, मोठे काम करावयाचे तर इतके सोडावेच लागते. त्याने पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. पण हे काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनात, शेकडो स्त्रिया व मुले यांच्या कोलाहलात केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी त्या थांबल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची धाव संपली. अनाथांचे पालन आणि वचनाचे भाषांतर ही त्यांची एकच सेवा होती.

आणि आपल्या प्रभूकडे पाहा. याईराची कन्या मरणास टेकली असता, घाईच्या त्या वाटेवरही तो एका आजारी स्त्रीसाठी थांबला (मार्क ५). त्याचा मार्ग वधस्तंभाकडे जात होता, आणि त्या मार्गावर माणसांना जागा होती.

आज मी पाच किलोमीटर न थांबता धावतो. तेही इतके सावकाश की आजोबा मंडळी चालत पुढे जातात. साखर आटोक्यात आहे. हाती घेतलेले पुस्तक मागे पडले आहे. दर रविवारी मी वहिनींना फोन करतो आणि वर्षातून तीनदा सोलापूरला जातो. अण्णांचा प्रश्न मात्र पुन्हा कानी पडणार नाही. प्रभूने मला क्षमा केली आहे. पण गेलेले रविवार परत मिळत नाहीत.

म्हणून, प्रिय वाचका, तुला विचारतो : "हे संपू दे, मग येतो," असे तू कोणाला सांगत आला आहेस? तुझे काम कदाचित मंडळीचे असेल, पवित्र असेल. तरीही त्याचे वजन एकदा प्रभूसमोर करून पाहा. आणि हा अंक खाली ठेवून आजच त्या माणसाकडे जा.

हे प्रभू, आमचे पाप तर काढच. पण ज्याचा आम्हांस अभिमान वाटतो तो भारही आमच्या खांद्यावरून उतरव. आमेन.