संपातला तिसरा पक्ष

उल्हासनगर महापालिकेत किंवा अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदांत सफाई कामगारांनी पगारासाठी संपाचा शब्द काढला, की आपण म्हणतो, ‘भांडण त्यांचे आणि पालिकेचे, नागरिकांना वेठीस का धरता?’

१९८२च्या गिरणी संपात कामगारांसमोर मालक होता. गिरणी थांबली, की त्याचा नफा थांबे. पालिकेला नफा नसतो. तिथे संपाने कचराच साचतो आणि दाटीवाटीच्या वस्तीला तो जास्त सोसावा लागतो. मग असा संप अन्याय्य म्हणायचा का?

मला वाटते, आपण स्वतःला तिसरा पक्ष समजतो, इथेच चूक होते. पालिका आपल्या करावर चालते. म्हणजे मालक आपणच. मजुरी द्यायला विलंब करू नये, ही पैगंबरांची शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. ठेकेदाराच्या हाती पैसे दिले, की त्या शिकवणीतून आपण मोकळे होत नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. तेव्हा त्या शहरातले किती मालक त्यांच्या बाजूने बोलले?

संपाआधी कायद्याने १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते दिवस बोलणी करण्याचे. त्या दिवसांत जो गप्प बसला, त्याला पंधराव्या दिवशी नाकाला रुमाल लावून तक्रार करण्याचा कितपत अधिकार उरतो?