सवाब आणि मजुरी

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात खाला आमच्या घरी आली. ओटीवर बसली आणि पदराखालून एक पाकीट काढून समोर ठेवले. त्यात वीस हजार रुपये होते. म्हणाली, "सर, हे जकातीचं की माझ्या पगाराचं? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा."

खाला आमच्या नात्यातली नव्हे. खाडीकाठच्या या गावात तिला लहानथोर सारेच खाला म्हणतात. ती विधवा आहे आणि एका घरातला मुलगा सांभाळते. मुलगा म्हणायचे ते सवयीने. त्याचे वय 23 आहे, दाढी आलेली आहे. शब्द मात्र पंचवीस-तीसच. पाचवीत तो आमच्या वर्गात होता. बी.एड.ला आम्ही पाठ केले होते : बुद्ध्यांक 50 ते 69 सौम्य, 35 ते 49 मध्यम, 20 ते 34 तीव्र, त्याखाली अतितीव्र. त्यामुळे तो कोणत्या खान्यात बसतो ते आम्हाला कळले, पण त्याच्याशी बोलावे कसे ते कळले नाही. 2016 च्या कायद्याने त्याच्यासारख्यांना वयाच्या 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यानंतर काय? त्यानंतर घर, आणि घरात खाला.

तिचा पगार महिना सहा हजार. तीन महिन्यांचा थकला होता. घरच्यांनी रमजानची जकात काढली आणि वीस हजार तिच्या हाती दिले. गरजू आहेस, घे म्हणाले. अठराच्या जागी वीस दिले, मग तक्रार कसली?

मसला अवघड नाही. मजुरी हे मालकाच्या डोक्यावरचे कर्ज आहे आणि जकातीच्या पैशाने ते फेडता येत नाही. खाला जकातीची हकदार असेल तर तिला जकातही द्यावी, पण ती पगाराव्यतिरिक्त. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचे दाम देण्याविषयीची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे सारे आम्हाला ठाऊक होते. तरी त्या संध्याकाळी आमच्या तोंडून शब्द फुटेना. त्याला कारण होते.

आदल्या वर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आम्हीच खालाचा शाळेत सत्कार घडवून आणला होता. शाल दिली, भाषण केले. ही बाई जन्नत कमावते आहे, असे म्हणालो. टाळ्या पडल्या. पगार वेळेवर मिळतो का, आठवड्यातून एखादी सुट्टी आहे का, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. जी जन्नत कमावते तिला सुट्टी कसली विचारायची! त्या ओटीवर खालाने आणखी एक गोष्ट सांगितली. सत्काराआधीच्या महिन्यात तिने एकदा त्याच्यावर हात उचलला होता. पाच महिने एकही दिवस मोकळा मिळाला नव्हता, रात्रभर तो झोपला नव्हता. "त्यानंतर तुम्ही शाल घातलीत, सर. ती मी अजून वापरली नाही."

आम्ही त्या दिवसापासून या प्रश्नाशी झगडतो आहोत. एखाद्या कामाला सवाब म्हटले की ते मोठे होते, असे आपण समजतो. पण येथे त्या एका शब्दाने खालाची मजुरी झाकली, तिचा थकवा झाकला आणि त्या मुलाला पडलेला मारही झाकला. कारण पुण्यवान माणसाला कोणी जाब विचारत नाही आणि पुण्यवान माणूस तक्रारही करू शकत नाही.

शिवाय हे काम म्हणजे केवळ दया नव्हे, ते एक कसब आहे. शर्टाची बटणे लावायला खालाने त्याला कसे शिकवले ते पाहा. वरची सगळी बटणे ती लावायची आणि अखेरचे एकच त्याच्यासाठी ठेवायची. ते जमले, तेव्हा अखेरची दोन. प्रत्येक वेळी काम पुरे होण्याचा आनंद त्याच्याच वाट्याला यायचा. विशेष शिक्षणाच्या पुस्तकांत हीच पद्धत सांगितली आहे. खालाने ती पुस्तके पाहिलेली नाहीत. तिला दीड वर्ष लागले. एका शुक्रवारी जुम्याला उशीर होतो म्हणून आम्ही पुढे होऊन झटपट त्याची बटणे लावली, तर ती आमच्यावरच रागावली. "सर, तुम्ही त्याचं काम काढून घेतलंत."

अंघोळीचा प्रश्न याहून नाजूक. त्याला दाढी फुटली तेव्हा खालाने सांगून टाकले की आता हे माझ्याने होणार नाही, त्यालाही पडदा आहे. घरच्यांना ही अडवणूक वाटली. त्याला काय कळते, असे ते म्हणाले. सांभाळायला पुरुष माणूस गावात मिळेना. शेवटी खालानेच मार्ग काढला. तो लुंगी नेसून आत जातो, कडी लावत नाही. ती दाराबाहेर पाठ करून उभी राहते आणि एकेक सांगते : आता डोकं, आता मान, आता पाय. पहिले काही महिने अर्धा साबण अंगावरच राहायचा. त्याला काही कळत नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यासमोर आता तो टॉवेल गुंडाळल्याशिवाय बाहेर येत नाही.

आपल्याकडे अशा माणसाला मासूम म्हणतात. ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्यावरून कलम उचलले आहे, त्याला हिशेब नाही, हे खरेच. पण अल्लाह त्याला हिशेब विचारणार नाही, याचा अर्थ आपण त्याला काहीच विचारायचे नाही, असा आपण करून घेतला. खाला रोज दोन शर्ट समोर धरते. तो एकाकडे बोट दाखवतो.

आता त्या घराविषयी. थोरला भाऊ वाईट माणूस नव्हे. बारा वर्षे आखातात उन्हात राबतो आहे, त्याच्या पैशावर घर चालते. फोनवर तो आम्हाला म्हणाला, "सर, भावाला मी टाकलं नाही, आणि खाला तर घरचीच आहे." आम्ही त्याला विचारले, तुमच्या वडिलांच्या हापूसच्या बागेत धाकट्याचा वाटा किती? तो बराच वेळ बोलला नाही. शरीयतने तो वाटा थोरल्याइतकाच आहे, अक्कल कमी म्हणून वाटा कमी होत नाही. बागेचे पैसे दरवर्षी एकाच डब्यात जात होते आणि त्यातून धाकट्याचे जे जेवणखाण होई ते थोरल्याचे उपकार म्हणून लिहिले जात होते. सूरह निसाच्या सुरुवातीलाच, ज्यांना व्यवहार कळत नाही त्यांच्याविषयी हुकूम आहे : मालमत्ता त्यांच्या हाती सोपवू नका, पण त्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भल्याने बोला. ती मालमत्ता त्यांचीच, आपण केवळ राखणदार, असा अर्थ अनेक मुफस्सिरांनी लावला आहे. म्हणजे खालाचा पगार धाकट्याच्या वाट्यातून निघतो. तिचा मालक तो आहे! वयाची 18 वर्षे झाल्यावर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायचा असतो. तो अर्जही कोणी केला नव्हता.

एव्हा किट्टे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंची मुलगी अशीच पूर्णपणे दुसऱ्यांवर अवलंबून आहे. 1999 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की जो दुसऱ्याला सांभाळण्यात गुंततो तो स्वतः उघडा पडतो, म्हणून त्याला सांभाळणे हे इतरांचे देणे आहे. आमच्या खालाने हेच पाकीट पुढे करून विचारले होते.

पगार दिला की सारे फिटले, असेही आम्हाला म्हणता येत नाही. त्याला ताप आला तेव्हा खाला दोन रात्री उशाशी बसली, त्याचे पैसे तिने मागितले नाहीत. त्या दोन रात्रींना काय म्हणावे ते ती आणि तिचा रब जाणे. ते नाव आम्ही भाषणात देऊ नये, एवढे मात्र आता कळते.

ईदनंतर भाऊ सुट्टीवर आला. थकलेला पगार वेगळा चुकता केला, अर्जाचे कागद नेले. पाकीट खालाने परत दिले होते. ते पुढे कोणाला गेले ते आम्ही विचारले नाही. आता शुक्रवारी तिला सुट्टी असते, ती लेकीकडे जाते. आमची शाळा त्या दिवशी लवकर सुटते, म्हणून जुम्याआधी आम्ही त्याच्यापाशी जातो. आम्ही दोन शर्ट धरतो, तो एक निवडतो. बटणांना अजून अकरा मिनिटे लागतात, तेव्हा आम्ही घरून थोडे आधीच निघतो.