मोरीचा खर्च

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यावा, एवढाच आमचा मूळ बेत होता. पण जुना रंग खरवडला की खालची ओल दिसते. ओल दिसली की नळ आठवतो. आणि एकदा नळाचा विचार सुरू झाला की सबंध स्वयंपाकघरच डोळ्यांत खुपू लागते. आमच्या साताऱ्याच्या घरी हेच झाले, आणि एका रात्री मी वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक मांडायला बसलो.

अंदाजपत्रक मांडण्यात एक सात्त्विक सुख आहे. खर्च करायला निघालेल्या माणसालाही आपण काटकसर करीत आहोत असे वाटत राहते! ओटा, फरशी, नळकाम, फडताळे, मागली मोरी असे करता करता बेरीज तीन लाख चाळीस हजारांवर गेली. गाठीला होते तीन लाख. ओट्याच्या ग्रॅनाइटला हात लावणे माझ्या जिवावर आले, फडताळे सौ.ने अडवून धरली. उरली मोरी. तिचे गटार उकरून बांधायचे आणि उभ्याने भांडी घासता येतील असा उंच कट्टा करायचा, यालाच चाळीस हजार होते. मी त्यावर काट मारली. हिशेब कसा काटेकोर जुळला!

दोन दिवसांनी सांगलीहून अक्का आली. स्वयंपाकघराच्या बाबतीत तिचा अधिकार मोठा; कारण तिचे स्वयंपाकघर कृष्णेने दोनदा धुऊन नेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये, १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. भुश्श्याच्या फळ्यांची फडताळे पाण्यात भिजलेल्या पावासारखी फुगली. तेव्हापासून अक्काच्या वहीत दोनच रकाने असतात: पाण्याला पुरून उरणारे आणि पाण्याबरोबर जाणारे. तिच्याकडे आता साधा कडप्प्याचा ओटा आहे आणि स्टीलची मांडणी.

तिने माझी वही चाळली आणि बोट ठेवले ते नेमके त्या काटेवर.

"मोरी का खोडलीस रे?"

"अगं, मागल्या बाजूची मोरी. तिथं बघतं कोण?"

"बघत कुणी नसेल. बसतं कोण?"

मी गप्प झालो. तिथे गेली बारा वर्षे भांड्यांच्या मावशी उकिडव्या बसतात. साठी उलटली आहे. उठताना त्या भिंतीला हात टेकतात, आणि त्या हाताचा एक काळपट ठसा भिंतीवर उमटला आहे. रंगाच्या यादीत मी तो 'डाग' म्हणून टिपून ठेवला होता.

त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. पैसे माझे, मावशींना मी ठरलेला पगार देतो, मग उंच कट्टा हे माझे कर्तव्य कसे? ते फार तर औदार्य. शिवाय, एकदा इतरांच्या सोयीचे पाहू लागले तर ते थांबायचे कुठे? पण आमच्या साताऱ्यावरचा पाऊस माहुलीवरून, कऱ्हाडच्या संगमावरून खाली जातो आणि अक्काच्या ओट्यावर चढतो. आमच्या अंगणातून पाणी ओसरले म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. माझे चाळीस हजारही तसेच. ते वाचले नव्हते. वहीतून उतरून एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांवर जाऊन बसले होते. ज्याच्या शरीरावर आपली बचत रोज बसते, निदान तिथवर तरी आपले कर्तव्य पोहोचते. दया शिलकीतून करता येते. न्याय्य खर्च मात्र बेरजेपूर्वीच बाजूला काढावा लागतो.

१९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी नव्या वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले वाचावीत म्हणून त्यांनी ओट्यापासून फळीपर्यंतचे अंतर मोजले. आजची आपली स्वयंपाकघरे त्याच वळणाची आहेत. पण ती आखणी एकट्या गृहिणीसाठी होती. आपल्याकडे त्याच घरात दुसरीही एक बाई वाकत असते, आणि तिच्यापर्यंत आपला फूटपट्टीचा हात पोहोचतच नाही. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा. पण कायद्याने मोरीचा कट्टा कसा उंच व्हावा? तो घरधन्यानेच करायला हवा.

सकाळी ग्रॅनाइटवर काट मारली, कडप्पा लिहिला. सौ.ने एक फडताळ आपणहून सोडले. कट्ट्याची उंची किती ठेवायची हे गवंड्याने मला विचारले, तेव्हा अक्काने मावशींनाच पुढे उभे केले. त्यांनी संकोचत कमरेजवळ हात धरला. गवंड्याने तिथे खूण केली.

काम वसुबारसेच्या आदल्या दिवशी संपले. दुसऱ्या सकाळी मावशी आल्या, भांडी उचलली, आणि नव्या कट्ट्यासमोर सवयीने खालीच बसू लागल्या. मग एकदम हसल्या आणि उभ्या राहिल्या. आम्हीही हसलो. भिंतीवरचा तो ठसा रंगाऱ्याने केव्हाच झाकून टाकला आहे. पण ती बारा वर्षे कोणत्या रकान्यात मांडावीत, हे मला अजून उमगलेले नाही.