आकड्याला प्रमाण म्हणावं का?

स्वादुपिंडाला सूज आलेला रुग्ण आयसीयूत आला की बायकोचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, वाचतील ना हे?" आमच्यापाशी उत्तरासारखं काहीतरी असतंही. न्यूयॉर्कच्या जॉन रॅन्सन यांनी 1974 साली अकरा निकष मांडले. पाच दाखल करताना बघायचे, सहा पुढच्या 48 तासांत. मग 'अपाची टू' ही गुणपद्धती आली, 2008 मध्ये 'बिसॅप' आली. रक्तातलं, सूज दाखवणारं सीआरपी 150 च्या वर गेलं की फाइलवर 'सिव्हिअर' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. (ज्या लायपेजवरून निदान होतं, ते किती चढलं यावरून आजाराचा जोर कळत नाही. नातेवाईक मात्र नेमका तोच रिपोर्ट हातात घेऊन फिरतात.)

माझे वडील संस्कृत शिकवायचे, न्यायशास्त्रात मुरलेले. त्यांच्या हिशेबी हे सगळं बाद. धूर दिसला की अग्नी आहे म्हणावं, कारण अग्नीवाचून धूर कुठेच नसतो. जो हेतू, म्हणजे धुरासारखी खूण, कधी साध्यासोबत, कधी त्याच्याविना आढळतो, तो सव्यभिचार, अनुमानाला निरुपयोगी. आणि सीआरपी चढलेलं असूनही चार दिवसांत मऊ भात मागणारी माणसं आम्ही पाहतोच की. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला हॉलंडमधला 'पायथॉन' अभ्यास याच बाबतीत बोलका आहे. आजार गंभीर वळण घेईल असं आकड्यांनी सांगितलेले 208 रुग्ण घेतले. निम्म्यांना 24 तासांच्या आत नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून अन्न सुरू केलं. बाकीच्यांना तीन दिवस थांबून तोंडाने खायला दिलं, नाहीच सोसलं तर नळी. जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. थांबलेल्यांपैकी 69 टक्क्यांना तर नळी लागलीच नाही.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाला मात्र नळीवाचून गत्यंतर नाही, आणि तिथे आकड्यांची पंचाईत वाढते. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून रुग्णाला उपाशी ठेवत. आता उपाशी आतड्याचं अस्तर खचतं म्हणून लवकर खाऊ घालतात. रात्री सिस्टर खाट डोक्याकडून उचलते, सिरिंजने नळीत पाणी मारते, पंप तासाला 20 मिलीवर लावते आणि पोट फुगलंय का ते तळहाताने चाचपते. "दुखतंय का?" हे विचारायची सोयच नसते. बिसॅपमध्ये शुद्ध हरपल्याचा एक गुण आहे. पण इथे झोपेचं औषध आम्हीच चालू केलेलं. युरियाचा एक गुण आहे. नळीतून प्रथिनं जास्त गेली की युरियाही वाढतो. नैयायिक याला उपाधी म्हणतील. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, मधे ओलं सरपण लागतं. आमच्या आयसीयूत ते सरपण आम्हीच चुलीत सारलेलं असतं.

मग आकडे काढायचे कशाला? इथे मला वडिलांपेक्षा, प्रत्यक्ष दिसतं तेवढंच प्रमाण मानणारा चार्वाक जवळचा वाटतो. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त खोडायला म्हणून त्याचं एक म्हणणं घेतलंय: व्यवहाराला निश्चिती लागत नाही, संभावना पुरते. उदयनांना ते पटलं नाही, वडिलांनाही नाही. मला मात्र आयसीयूतली खाट कुणाला द्यायची, सलाइन किती सोडायचं, सीटी कधी करायचा, एवढं ठरवायला संभावना पुरते. ठरवलेलं सकाळी बदलताही येतं.

पण बाहेर बाकड्यावर बसलेली बाई काय करायचं ते विचारत नाहीये. तिला जाणून घ्यायचंय, आणि तेही शंभरांबद्दल नाही, तिच्या एका माणसाबद्दल. "तीस टक्के" म्हटलं की ती ते त्याच्या कपाळी लिहिलेलं म्हणून ऐकते. मी तिच्या जागी असते तर मीही तसंच ऐकलं असतं. तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी प्रमाण, म्हणजे खात्रीने जाणण्याचं साधन, नाही, म्हणून आकडा फाइलीतच राहतो. चार्वाक मानतो ते प्रत्यक्ष तेवढं मी तिच्यापुढे ठेवते: रात्रीतून लघवी किती झाली, ऑक्सिजन किती कमी करता आला, नळीतलं किती पचलं. उद्या सकाळी राउंड झाल्यावर पुन्हा सांगेन म्हणते, आणि सांगते.